त्याच्या शेजारी कोण आहे

"थांबव. जरा मागं घे," माई म्हणाली.

मी कांदा चिरत होते. हात पुसत बाहेरच्या खोलीत आले, रिमोट उचलला आणि चित्रपट थोडा मागे नेला. फौजेतला नायक सुट्टीवर गावी आलेला, एसटीतून उतरतो, आणि त्याला बघायला सगळं गाव शाळेच्या पायऱ्यांवर गोळा होतं, असा प्रसंग होता.

"अजून थोडं. हां, आता थांबव."

चित्र थांबलं. पायऱ्यांवर पन्नासेक माणसं दाटीनं उभी होती. टोप्या, मुंडाशी, पदर. सगळ्यांच्या माना डावीकडे, एसटीकडे वळलेल्या. एक माणूस सोडून. तो वरून तिसऱ्या पायरीवर उभा होता आणि सरळ आमच्याकडे बघत होता.

"मनू आहे," माई म्हणाली. दूधवाला आलाय म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

मनू म्हणजे मनोहर, माईचा धाकटा भाऊ, माझा मामा. शहात्तर सालच्या श्रावणात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो कृष्णेत बुडाला. नदीला पूर होता. घाटावर त्याचे कपडे आणि चपला सापडल्या, प्रेत मिळालं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून तो जाळला आणि दिवस घातले. मामा बुडाल्याचं नक्की झालं ते एका साक्षीवरून. ती साक्ष माझी होती. मी तेव्हा सहा वर्षांची. मामा पाण्यात शिरला, लांब गेला, एकदा त्याचा हात वर आला आणि मग तोही दिसेनासा झाला, हे मी पाहिलं होतं. त्यानंतर मी नदीवर कधी गेले नाही. पुलावरून बस जाताना आजही डोळे मिटून घेते. कॉलेजची सहल गणपतीपुळ्याला गेली तेव्हा सगळ्या मैत्रिणी लाटांत होत्या आणि मी देवळाच्या ओट्यावर बसून त्यांच्या पर्सा सांभाळत होते.

"माई, डोळे दमलेत तुझे," मी म्हणाले. "बंद करू का?"

"नको. त्याच्या शेजारी कोण आहे, ते दिसतंय का तुला?"

मी जवळ जाऊन पाहिलं. जुनी प्रिंट, रंग उडालेला, चेहऱ्यांच्या कडा विरघळलेल्या. मामाच्या, म्हणजे त्या माणसाच्या शेजारी हिरव्या रंगाचा एक डाग होता. कुणीतरी बाई असावी.

"काही कळत नाही," मी म्हणाले आणि टीव्ही बंद केला. टीव्हीच्या वरच भिंतीवर मामाचा हार घातलेला फोटो होता. त्याच्याकडे न बघता मी आत गेले.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मी सांगलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते, वडील, म्हणजे नाना, गेल्यापासून माई आणि मी दोघीच घरात. त्या डिसेंबरात माई मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. सळई घातली, तीन महिने पडून राहायला सांगितलं. केबलवरच्या मालिकांना ती आठवड्यातच वैतागली. पुण्याहून माझा धाकटा भाऊ प्रसन्न आला, नवा टीव्ही लावून दिला, इंटरनेट घेऊन दिलं आणि म्हणाला, "वृंदाताई, केबल काढून टाक. इंटरनेटवर चित्रपट दाखवणाऱ्या रंगमाळ, घरपडदा, चित्रवेल अशा तीन सेवा आहेत. प्रत्येकाचे पहिले सात दिवस फुकट असतात. तिन्ही वापरून बघ आणि माईला आवडेल ती वर्षाची घे."

माईची अट एकच होती, जुने मराठी चित्रपट पाहिजेत. मी रीतसर कागदावर तीन रकाने आखले आणि रंगमाळपासून सुरुवात केली. चौथ्या दिवशी, रविवारी, माईने 'खिंडीपलीकडचं गाव' लावायला सांगितला. नाव आवडलं म्हणून, एवढंच.

सोमवारी कॉलेजातून आल्यावर टीव्ही लावला तर पहिल्याच पानावर, 'पुढे बघा' असं लिहिलेल्या ओळीत, तो चित्रपट होता. या सेवा आपण जिथं थांबलो तिथलं चित्र चौकोनात लावून ठेवतात. त्या चौकोनात शाळेच्या पायऱ्या होत्या, आणि आमच्याकडे बघणारा तो चेहरा. वर भिंतीवरही तोच. तोच म्हणजे, कपाळावर तसेच पुढे आलेले केस, एक भुवई दुसरीपेक्षा वर. मला सारखं वाटत होतं की नीट बघितलं तर काहीतरी वेगळं सापडेल. मी नीट बघत नव्हते.

मी प्रसन्नला फोन लावला.

"अगं, औषधांची गुंगी आहे तिला," तो म्हणाला. "त्या काळातली सगळी पोरं तशीच दिसायची. कानावर केस, मोठी कॉलर."

"मलाही तसाच दिसतो."

"तूच पाहिलंस ना त्याला बुडताना?"

"हो."

"मग?"

मग काय. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर एकोणऐंशी साल होतं. मी मनाची समजूत घातली की चित्रण दोन-चार वर्षं आधीचं असेल, पैसे संपून पडून राहिलं असेल, मामा कधीतरी कुठल्या जत्रेला गेला असेल आणि गर्दीत उभा राहिला असेल. जिवंतपणी टिपलेला माणूस मेल्यावर पडद्यावर दिसला, तर त्यात भ्यायचं काय?

बुधवारी मी घरी आले तेव्हा सुगलाबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. माईला आंघोळ घालायला आणि दिवसभर सोबतीला त्यांना ठेवलं होतं. साठीच्या, धीट बाई. नवरा गेल्यावर दोन मुली एकटीनं वाढवल्या होत्या.

"ताई, मी सकाळची येईन," त्या म्हणाल्या. "आंघोळ घालीन, जेवू घालीन. दुपारची थांबणार न्हाई."

"का हो? माई काही बोलली का तुम्हाला?"

"मला न्हाई बोलत." त्यांनी हनुवटीनं आधी फोटोकडे आणि मग टीव्हीकडे दाखवलं. "ह्यांच्याशी बोलत्यात. टीव्ही थांबवाय लावत्यात आन् बोलत्यात."

"म्हातारं माणूस आहे, सुगलाबाई."

"ते काय मला कळत न्हाई का? माझी आजीबी मेलेल्या माणसांशी बोलायची." त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण ती नुसती बोलायची. ह्या विचारत्यात, आन् मग गप बसून ऐकत्यात. ऐकून झालं की 'बरं' म्हणत्यात."

आणि त्या निघून गेल्या.

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. दीड वाजता घरी आले, किल्लीनं दार उघडलं आणि चपला न काढता तशीच बोळकांडीत उभी राहिले. टीव्हीचा आवाज नव्हता. खिडकीतून ऊन आलेलं, बाहेर भांडी घासल्याचा आवाज.

"जेवलास का?" माई विचारत होती.

मग काहीच नाही. बराच वेळ.

"बरं."

पुन्हा तेवढीच शांतता.

"मला दुसरं काही नको सांगूस. तुझ्या शेजारी कोण उभं आहे, तेवढं सांग. मान हलवलीस तरी चालेल."

मी भिंतीला धरून उभी होते. खोट्या वाटतील अशा या गोष्टी, पण मी त्या क्षणी खोलीत पाऊल टाकलं नाही, ते याच भीतीनं की पडद्यावरच्या त्या माणसाची मान हललेली मला दिसेल.

चित्र फार वेळ थांबवून ठेवलं की रंगमाळ आपोआप बंद व्हायची आणि पडदा काळा पडायचा. तसा तो पडला असावा, कारण माई म्हणाली, "गेला. कुठं एका जागी टिकायचाच नाही."

मी आत गेले. ती दचकली नाही. रिमोट पांघरुणावर ठेवत म्हणाली, "वृंदे, ह्याच्यापेक्षा स्वच्छ कुठं दिसेल का गं? प्रसन्न म्हणाला होता, तीन आहेत म्हणून."

"माई, तो मामा नाही. आणि असला तरी बुडायच्या आधीचा आहे. तू असं करायला लागलीस तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

"सांग की. पण आधी दुसरं लावून बघ."

त्याच दिवशी रंगमाळचे सात दिवस संपले. मी घरपडदा घेतलं. तिथंही 'खिंडीपलीकडचं गाव' होता. मला बरं वाटलं का वाईट, ते आठवत नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर मी तो माईच्या समोर लावला. एसटी आली. नायक दारात उभा राहिला, पिशवी खांद्यावर टाकली, पाय खाली टेकला आणि एकदम तो घरात होता, आईच्या पाया पडत होता.

मी मागे नेलं, पुन्हा लावलं. एसटी, पाय, घर. मधल्या पायऱ्या नव्हत्या. गर्दी नव्हती. ही प्रत कुणीतरी कापून वीस मिनिटांनी आखूड केली होती.

माईने तीनदा बघितलं. मग तिचा चेहरा इतका उतरला, की नाना गेले तेव्हाही मी तिला तसं पाहिलं नव्हतं.

"आज आला नाही," ती म्हणाली.

"ही प्रत कापलेली आहे, माई."

"कापली," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही दोन घास खाऊन ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी सुगलाबाई मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "ताई, ते टीव्हीतलं परत लावा. मी भ्याले ते माझं मी बघते. पण ह्या अशा गप झाल्या तर ऱ्हात न्हाईत."

शनिवार होता. मला सुट्टी. मी घरपडदाचे उरलेले दिवस सोडून दिले आणि चित्रवेल सुरू केलं. शोधात चित्रपटाचं नाव टाकलं. तो होता, आणि नावाखाली लिहिलं होतं की मूळ फिल्मवरून नव्यानं स्वच्छ केलेली प्रत.

सकाळचे दहा वाजले होते. सुगलाबाई माईची वेणी घालून गेल्या होत्या. मी पलंगाची पाठ उंच केली, माईचा चष्मा पुसून तिला दिला आणि तिच्या पायाशी बसले.

रंग उघडले की काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. एसटी लालभडक होती. धुळीत ऊन होतं. नायक उतरला, आणि पायऱ्यांवरची माणसं एकेक करून वेगळी झाली. कुणाच्या कानात बाळी, कुणाच्या सदऱ्याला ठिगळ. आणि तिसऱ्या पायरीवरून तो आमच्याकडे बघत होता. मनूमामा. मला कुठलीच शंका उरली नाही. फोटोत तो एकोणीस वर्षांचा होता, इथं थोडा मोठा, गाल आत गेलेले, ओठांवर मिशी.

मी चित्र थांबवलं. त्याच्या डोक्यामागे शाळेच्या भिंतीत पांढऱ्या दगडाची पाटी बसवलेली होती. रंगमाळवर तो नुसता पांढरा ठिपका होता. आता अक्षरं लागत होती. मी उठून पडद्याजवळ गेले आणि वाचलं. शाळेच्या इमारतीचं उद्घाटन, आणि खाली तारीख. सव्वीस जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

मी पुन्हा वाचलं. मामा शहात्तरच्या श्रावणात बुडाला होता. त्याचा पुतळा जाळला तेव्हा मी आजोबांच्या मांडीवर बसले होते.

"माई," मी म्हणाले. "ही तारीख बघ. तो मेल्यानंतरची आहे."

"तारीख सोड," माई म्हणाली. "शेजारी बघ."

शेजारी हिरव्या लुगड्यातली एक तरुण मुलगी उभी होती. तिनं पदर दातांत धरला होता, बहुतेक हसू दाबायला. तिच्या कडेवर पाच-सहा महिन्यांचं मूल होतं, आणि मामाचं एक बोट त्याच्या मुठीत होतं.

माईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. ती रडत नव्हती. नुसती श्वास घेत होती, खूप वेळ पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन घेतं तसा.

"कौसल्या," ती म्हणाली. "आणि लेकरू. वृंदे, लेकरू आहे बघ."

"कोण कौसल्या?"

"खालच्या वस्तीतली. शाळेत त्याच्या मागच्या वर्गात होती." माई पडद्यावरून नजर न काढता बोलत होती. "माझ्या चुलत्यांना कळलं. मी तेव्हा तुला घेऊन माहेरी आले होते. मोठे काका एक शब्द बोलले नाहीत. ओट्यावर बसले आणि कोयता घासायला घेतला. सकाळपासून जेवणापर्यंत घासत होते. सगळं घर येता-जाता बघत होतं आणि कुणी काही म्हणत नव्हतं. मनूला मी कडेवर वाढवलेला, वृंदे. आईला बाळंतपणानंतर उठवत नव्हतं, तेव्हापासून. मी त्याला म्हटलं, पळालास तर शोधतील, दोघांनाही शोधून काढतील. बुडालेल्या माणसाला कोण शोधत नाही."

मी उभीच होते.

"कौसल्येला आठ दिवस आधी तिच्या मावशीकडे धाडलं होतं. तो अंधार पडल्यावर नावाड्याची नाव सोडून पलीकडे गेला. एकटा, पुरातनं. सकाळी मी त्याचे कपडे आणि चपला घेऊन घाटावर गेले. तुला बरोबर घेतलं."

"मला कशाला?"

"मी सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. मनूसाठी मी काय वाटेल ते करीन, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सहा वर्षांचं पोर खोटं बोलत नाही."

"मी खोटं बोलले नव्हते. मी पाहिलं होतं."

"तू काही पाहिलं नव्हतंस." आता ती माझ्याकडे बघत होती. "मी तुला पायरीवर बसवलं. म्हटलं, ते बघ, मामा पाण्यात गेला. तू बघायला लागलीस. मी म्हटलं, लांब गेला गं, हात वर आला बघ, दिसला का? तू म्हणालीस, दिसला. मग मी विचारलं, आता दिसतोय का? तू म्हणालीस, नाही. तीन-चारदा तुझ्याकडून म्हणवून घेतलं. शेवटी तू रडायला लागलीस. मग मी ओरडले आणि माणसं आली."

"पाण्यात काहीच नव्हतं?"

"एक ओंडका वाहत चालला होता."

मी त्या हाताचा विचार करत होते. पाच बोटं, मनगटावरचा काळा दोरा, बोटांवरून ओघळणारं गढूळ पाणी. दोराही मला दिसला होता.

"आजोबा वर्षाच्या आत गेले त्या दुःखानं," मी म्हणाले. "त्यांना तरी सांगायचंस."

"त्यांना सांगायचं असतं तर बुडवला कशाला असता?"

"आणि मला?"

"सांगणार होते. आधी तू लहान होतीस, कुठंतरी बोलून गेली असतीस. मग तू पाण्याला भ्यायला लागलीस. नदी नाही, विहीर नाही, साधी बादली काठोकाठ भरली तरी मागं सरायचीस. मला कळत होतं ते कशानं. मला वाटलं, आता सांगितलं तर तू मलाच भिशील."

मी पलंगाच्या कडेला बसले. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "त्यानं कधी पत्र नाही पाठवलं?"

"मीच शपथ घातली होती. नाव बदल, पत्र नको, निरोप नको. पाळली त्यानं. म्हणून तर बेचाळीस वर्षं मला माहीत नव्हतं की त्या पुरातनं तो पार झाला का. ती नाव कधी सापडली नाही, पुरात वाहून गेली असंच सगळे म्हणाले. मी त्याला खोटाच बुडवला आणि तो खराच बुडाला असेल तर, हे मी दर वर्षी त्याचं पान वाढताना म्हणायची. परवा तो दिसला तेव्हा कळलं, वाचला. पण ती त्याला भेटली का, ते कळेना. हिरवं काहीतरी दिसायचं, तिच्याकडे हिरवं लुगडं होतं. पण हिरवी लुगडी काय, कुणाकडेही असतात."

"आपण शोधू या. शाळेचं नाव आहे पाटीवर. खाली नगर जिल्हा लिहिलंय, गावाचं नाव शेवटी आभारात असेल."

"नाही," माई म्हणाली. "तिथं तो मनोहर नसेल. आता म्हातारा झाला असेल, नातवंडं असतील. तू जाऊन ते नाव घेतलंस तर त्याला पुन्हा पळावं लागेल. मला बघायचं होतं ते मी बघितलं."

तिनं चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा लावला.

"तुझ्या त्या कागदावर लिही," ती म्हणाली, "हीच ठेवायची. वर्षाची घे. आणि आता पुढं लाव. इतक्यांदा बघितला, पण पायऱ्यांच्या पुढं काय होतं ते मला माहीतच नाही."

मी रिमोटचं बटण दाबलं. मामानं नजर वळवली आणि इतरांसारखा एसटीकडे बघू लागला. एवढीच एक क्षणाची गोष्ट होती ती, आणि आम्ही ती आठवडाभर धरून ठेवली होती. मग पायऱ्या गेल्या. नायक घरी आला, आईच्या पाया पडला. गावात भांडण होतं, पाटलाशी काही वैर होतं, एक गाणं होतं. प्रत्येक गर्दीत मी त्या दोघांना शोधत होते. बाजारात, देवळापुढे, पंचायतीच्या चावडीवर. ते पुन्हा कुठंच आले नाहीत.

मध्येच एक नदी आली. नायिका घागर घेऊन काठावर वाकली होती. मी नेहमीसारखी मान फिरवली आणि माईकडे बघितलं. तिला काहीतरी म्हणणार होते. काय, ते आता आठवत नाही. रागाचं असेल.

माईला झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, एक हात पांघरुणाबाहेर. हाड मोडल्यापासून ती गोळीशिवाय झोपली नव्हती.

मी आवाज कमी केला आणि पडद्याकडे तोंड केलं. नदी अजून होती. पाणी संथ होतं, त्यात कुणी नव्हतं. मी चित्र थांबवलं आणि ते पाणी बघत बसले.